चौदाशे वर्षांचे चांगदेव आणि खवट दाण्याचं शास्त्र

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा जिथे भेटतात, तिथे चांगदेव नावाचं गाव आहे. योगी चांगदेवांचं जुनं देऊळ तिथलंच. कथा सांगते की महाराज योगबळावर चौदाशे वर्षं जगले. मृत्यू दारात आला की त्याला हुलकावणी द्यायचे. आणि एवढ्या वडीलधाऱ्या माणसाने गुरू केलं कुणाला? मुक्ताबाईला. परंपरेच्या हिशेबाने तिचं आयुष्य १२७९ ते १२९७, म्हणजे जेमतेम अठरा वर्षांचं. पूर्वीचं एदलाबाद आज तिच्याच नावाने ओळखलं जातं.

कागदपत्रांनिशी सिद्ध झालेलं माणसाचं सर्वांत लांब आयुष्य मात्र १२२ वर्षं आणि १६४ दिवसांचं आहे. फ्रान्सच्या जान काल्माँ बाई, १८७५ ते १९९७. चौदाशेपर्यंत मजल का जात नाही, याची कारणं पुष्कळ. त्यातलं एक कारण मात्र आपण दर श्वासाला आत घेतो आणि वर म्हणतो, काय मोकळी हवा आहे! ते कारण म्हणजे ऑक्सिजन.

यात्रेतली चप्पलचोरी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. उन्हाळाभर डब्यात राहिलेले शेंगदाणे तोंडात टाकले की एखादा दाणा असा लागतो की चेहरा वाकडा होतो. दाणा खवटलेला असतो. आत काय झालं? दाण्यातल्या स्निग्धाम्लाच्या एका रेणूने आपला एक हायड्रोजन, त्यातल्या इलेक्ट्रॉनसकट, गमावला. आता हा रेणू अर्धवट, अस्वस्थ. त्याला म्हणायचं मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल. तो ऑक्सिजन पकडतो आणि आणखी आक्रमक होतो.

पुढचं समजायला महाशिवरात्रीची चांगदेव-मुक्ताई यात्रा डोळ्यांपुढे आणा. देवळाबाहेर एकाची चप्पल गेली. तो बिचारा शेजारची घालून निघून जातो. ज्याची गेली तो तिसऱ्याची घालतो. चोर एकच होता, पण संध्याकाळपर्यंत शंभर जणांच्या चपलांची अदलाबदल झालेली असते. खवट रेणू शेजारच्या रेणूचा हायड्रोजन असाच उचलतो, तो त्याच्या शेजारच्याचा. ही साखळी थांबते कधी? जेव्हा कुणी भला माणूस म्हणतो, घ्या माझी, मी जातो अनवाणी. तो भला माणूस म्हणजे ई जीवनसत्त्व. ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं, स्वतः मूलक बनतं, पण इतकं शांत की कुणावर धावून जात नाही. मग क जीवनसत्त्व येऊन त्याला पुन्हा पूर्ववत करतं.

आता गंमत ऐका. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध पदार्थाचंच आहे. डब्यातल्या दाण्यात जी क्रिया होते तीच, अगदी रसायनासकट, आपल्या पेशींच्या आवरणात चाललेली असते. त्या आवरणात सुमारे हजार स्निग्ध रेणूंमागे ई जीवनसत्त्वाचा एक रेणू पहाऱ्याला असतो. हजारांत एक! आपल्या पोलीस ठाण्यांनाही हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

तेलातेलांतला फरक

सगळी तेलं सारख्या वेगाने खवटत नाहीत. स्निग्धाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध जितके जास्त, तितका हायड्रोजन सैल. शेंगदाण्याच्या तेलात एकच दुहेरी बंध असलेलं ओलेइक आम्ल भरपूर, म्हणून ते बऱ्यापैकी टिकतं. करडईच्या तेलात दोन बंधांचं लिनोलेइक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश, सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास. म्हणून करडईचं तेल लवकर खराब होतं. (करडई वाईट असा अर्थ कुणी काढू नये; हृदयाला ती चालते, डब्यात फार दिवस चालत नाही, एवढंच.) तिळाच्या तेलात सेसमोलसारखी स्वतःची राखण असल्याने ते या बाबतीत चिवट.

आणि जवस? त्यात तीन बंधांचं आम्ल निम्म्याहून अधिक. म्हणून जवसाची चटणी थोडी थोडी करावी आणि संपवावी. जवसाचं तेल हवेत इतक्या जोमाने ऑक्सिजन शोषतं की त्याचा पातळ थर कडक पापुद्रा होऊन बसतो. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं तैलचित्रं रंगवली ती याच तेलात. चित्र वाळलं म्हणजे तेलाने ऑक्सिजन खाल्ला. या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात फेकल्या तर क्रियेतली उष्णता साठत जाते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. सुतारकाम, रंगकाम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. निदान असायला हवं.

मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यात सहा-सहा दुहेरी बंधांचं डीएचए नावाचं स्निग्धाम्ल ठासून भरलेलं असतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन तो वीस टक्के ओढतो. सगळ्यांत नाशवंत माल आणि सगळ्यांत जास्त हवा एकाच खोलीत ठेवायची ही निसर्गाची योजना कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे.

हापशाचा वास तुमचा आहे

एक प्रयोग करा. लोखंडी चावी किंवा हापशाचा दांडा घामेजल्या मुठीत दोनेक मिनिटं धरा आणि मग तळहात हुंगा. तो ओळखीचा ‘लोखंडी’ वास येईल. तो लोखंडाचा नाही. २००६ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की आपल्या कातडीवरच्या तेलात आधीच थोडा खवटपणा साचलेला असतो. घामाने सुटलेलं लोह त्याचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांचा वास येतो. त्यातला मुख्य रेणू अळंब्यांच्या वासातही असतो. म्हणजे हापशाने फक्त चुगली केली.

लोह असं वागतं, हे हेन्री फेंटनने १८९४ मध्ये टिपून ठेवलं होतं. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की भयंकर आक्रमक मूलकं तयार होतात. म्हणून आपलं शरीर लोह मोकळं सोडतच नाही. फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पेटीत कुलूपबंद ठेवतं. तांबंही याच जातीचं, म्हणून तेल तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये. चिनी मातीची बरणी वापरणाऱ्या आज्यांना फेंटन माहीत नव्हता, निकाल माहीत होता.

२०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रेंट स्टॉकवेल यांच्या प्रयोगशाळेने पेशीच्या मरणाच्या एका प्रकाराला नाव दिलं: फेरॉप्टोसिस. लोहाच्या मदतीने आवरण इतकं खवटतं की पेशी फुटते. कर्करोगाच्या हट्टी पेशींना याच वाटेने मारता येईल का, यावर सध्या जगभर काम चालू आहे.

केळ्याच्या सालीतलं डोपामिन

जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात आज ग्रँड नैन दिसते, पूर्वी बसराई असायची. दोन्ही कॅव्हेंडिश कुळातल्या. याच कुळाच्या केळ्यात २००० साली जपानी संशोधकांना डोपामिन सापडलं, तेही चांगलं जोरदार ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) म्हणून. गरात थोडं, सालीत कितीतरी पट जास्त. मात्र केळं खाऊन मेंदूत आनंदाची लाट येईल ही आशा नको. खाल्लेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. तसं असतं तर निंभोऱ्याहून केळी भरणारे हमाल जगातले सर्वांत सुखी लोक असते.

साल काळी पडते तीही याच डोपामिनमुळे. पेशी फुटल्या की पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर त्याला ऑक्सिजनशी जोडतं आणि काळं रंगद्रव्य बनतं. आणखी एक. पिकलेलं केळं अतिनील दिव्याखाली धरलं तर निळं चमकतं! हरितद्रव्य मोडून तयार झालेल्या पदार्थांचा तो उजेड आहे, हे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या रसायनशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये सांगितलं. लग्नाच्या वरातीत तसले दिवे असतात. कुणीतरी करून पाहावं.

भरताचं वांगं जांभळं नसतं हो

‘वांग्याच्या जांभळ्या सालीत नासुनिन असतं, ते पेशीच्या आवरणाचं रक्षण करतं’ हे वाक्य तुम्हाला आरोग्याच्या हर पुरवणीत सापडेल. प्रयोगशाळेत ते खरंही आहे. पण जळगावचं भरताचं वांगं, ज्याला केळ्यासारखंच २०१६ मध्ये मानांकन मिळालं, ते असतं हिरवट-पांढरं. वर साल सोलून टाकायची. तेव्हा नासुनिनचा आणि आपल्या भरताचा काडीचा संबंध नाही. आपल्या वाट्याला येतं ते गरातलं क्लोरोजेनिक आम्ल. कापलेलं वांगं काळं पडतं ते त्याच्यामुळेच. कपाशीच्या काड्यांवर अख्खं भाजलं की काळं करणारं विकर उष्णतेने मरतं, म्हणून भरताचा गर फिक्कट राहतो.

भरतासोबतच्या मिरचीचंही एक पुराण आहे. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी एक अनोळखी साखरेसारखा पदार्थ वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवायचं ठरवलं ‘इग्नोज’, म्हणजे साधारण ‘काय माहीत’ साखर. संपादकाने नाक मुरडलं. मग त्यांनी सुचवलं ‘गॉडनोज’. तेही फेटाळलं. पुढे एका संध्याकाळी बायकोने जेवणात ढोबळी मिरची वाढली. खायची इच्छा नव्हती, म्हणून पठ्ठ्या ती घेऊन प्रयोगशाळेत गेला आणि मिरचीत त्या पदार्थाचा खजिना सापडला. तेच क जीवनसत्त्व. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. ताज्या हिरव्या मिरचीतही वजनाला वजन धरलं तर संत्र्याहून जास्त क असतं, पण ती कच्ची चावली तर. भाजली की बरंचसं गेलं.

भराभर चार

पू हिरवट का दिसतो? पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला मुद्दाम मूलकं आणि ब्लीचिंगच्या जातीचं हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. ते बनवणारं विकर स्वतःच हिरव्या रंगाचं आहे.

केस पांढरे का होतात? ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वय वाढलं की केसाच्या मुळाशी हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं. पार्लरमध्ये पैसे देऊन जे करतात, ते आतून फुकट होतं.

म्हातारपणाला वास असतो का? असतो. २००१ मध्ये जपानमधल्या शिसेदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या संशोधकांना चाळिशीपुढच्या लोकांच्या अंगावर नोनेनाल नावाचा रेणू मिळाला. कातडीवरचं तेल खवटून तो बनतो. शिळ्या बिअरलाही तोच वास येतो, ही माहिती ज्याची त्याने वापरावी.

श्वासात काय असतं? ओमेगा-३ स्निग्धाम्ल मोडलं की इथेन वायू सुटतो, ओमेगा-६ मोडलं की पेंटेन. दोन्ही आपण अगदी किंचित प्रमाणात बाहेर सोडत असतो. नैसर्गिक वायूच्या विहिरीत सापडणारा इथेन आपल्या नाकातूनही निघतो!

मटणाची परीक्षा, रक्ताची परीक्षा

स्निग्ध पदार्थ खवटला की शेवटी मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा तुकडा उरतो. त्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवलं की सुंदर गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकं नुकसान जास्त. साठवलेलं मांस खराब झालं का हे याच चाचणीने पाहतात, आणि मधुमेही किंवा हृदयरोग्याच्या रक्तातलं नुकसानही संशोधक त्याच गुलाबी रंगावरून मोजतात.

हृदयाचा विषय निघालाच आहे तर: कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकून ऑक्सिडीकृत झाले की सफाई करणाऱ्या पेशी त्यांना अधाशासारख्या गिळतात. साध्या एलडीएलबाबत त्यांची भूक मर्यादित असते, खवटलेल्यासाठी नाही. पोट फुटेस्तोवर खाऊन त्या फेसाळ होतात आणि तिथेच ठाण मांडतात. धमनीतल्या गाठीची ही सुरुवात. अमेरिकेतल्या डॅनिएल स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे चित्र ठळकपणे मांडलं.

आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या टी. पी. ए. देवसगायम यांनी मूलकांच्या विषयावर बरंच काम केलं. पुणे विद्यापीठाच्या सरोज घासकडबी आणि मुंबईचे डॉ. आर. डी. लेले यांच्यासह त्यांनी २००४ मध्ये भारतीय डॉक्टरांसाठी लिहिलेला आढावा आजही वाचला जातो. अणुकेंद्राला याच्यात रस का? कारण किरणोत्सर्ग पेशींना मारतो तो बराचसा याच मूलकांकरवी. अर्जेंटिनाच्या रेबेका गर्शमन यांनी १९५४ मध्येच म्हटलं होतं की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंमागे एकच यंत्रणा आहे. घासकडबींच्या गटाने पुढे पुण्यात मधुमेहींना नेहमीच्या औषधांबरोबर सहा महिने ग्लुटाथायोन हे ऑक्सिडीकरणरोधक देऊन पाहिलं; २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पंचावन्न वर्षांवरच्यांना साखरेच्या बाबतीत जास्त फायदा दिसला.

चुन्याने केलेला घोळ

पान लाल रंगतं ते प्रेमामुळे नाही. चुना तोंड अल्कधर्मी करतो, त्यात सुपारी आणि काताची फिनॉलं हवेतल्या ऑक्सिजनशी झपाट्याने जुळतात, रंग लाल होतो आणि त्याच वेळी सुपरऑक्साइड हे मूलक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे परीक्षानळीत दाखवलं. चुना नसेल तर ही क्रिया रेंगाळते. म्हणजे पान जितकं छान रंगलं, तितका गालाच्या आतल्या कातडीला मार. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. सुपारी-चुना-तंबाखू हाताने मळण्यावर कोण बंदी घालणार? विडी-सिगारेटच्या एका झुरक्याच्या धुरात मूलकं असतात सुमारे १,००,००,००,००,००,००,००० इतकी. शून्यं मोजून घ्या, पंधरा आहेत.

डांबरगोळ्या आणि बाळाचं अंगडं

हा मुद्दा मजेच्या लेखात जरा गंभीर, पण घरोघरी उपयोगाचा.

तांबड्या पेशीत ऑक्सिजन ठासून आणि लोहही ठासून. तिचा बचाव जवळजवळ एकाच विकरावर उभा आहे: जी-६-पीडी. काहींना जन्मतःच ते कमी असतं, मुलग्यांत जास्त करून. एरवी त्रास नसतो. पण हिवतापावरचं प्रायमाक्विन घेतलं की तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी गडद होते. ही कमतरता १९५६ मध्ये उलगडली तीच या औषधाच्या निमित्ताने. आणि ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले आजोळचे कपडे न धुता तान्ह्या बाळाला घातले तर नॅफ्थॅलिनने हेच होऊ शकतं. अशा बाळांच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. कपडे धुवा, कडक उन्हात वाळवा, मग घाला. आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही.

उत्तरेला सातपुड्यात, पावरा आणि भिल्ल वस्त्यांत, सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे. या आजारातलं बदललेलं हिमोग्लोबिन साध्यापेक्षा लवकर ऑक्सिडीकृत होतं आणि पेशीचं आवरण आतून पोखरतं. २०१७ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी एल-ग्लुटामिनला परवानगी मिळाली, ती तांबड्या पेशीचा हा ताण कमी व्हावा म्हणूनच. सिकलसेल हा ‘रेणूचा आजार’ आहे हे १९४९ मध्ये सांगणारे लायनस पॉलिंग. तेच पॉलिंग म्हातारपणी रोज कित्येक ग्रॅम क जीवनसत्त्व घेत आणि सगळ्यांना घ्यायला सांगत. दोन नोबेलं मिळालेला माणूस, ऐकणार कुणाचं?

गोळ्यांची फजिती

मूलकांमुळेच माणूस म्हातारा होतो, हा सिद्धांत डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. आधी ते शेल तेल कंपनीत मूलकांच्याच रसायनशास्त्रावर काम करत होते. स्वतः ९८ वर्षं जगले, ही सिद्धांताची जाहिरात म्हणायला हरकत नाही.

मग सगळ्यांना सोपं गणित सुचलं: मूलकं वाईट, तर त्यांना मारणाऱ्या गोळ्या चांगल्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व किंवा खोट्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला! कमी नाही, वाढला. अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या दुसऱ्या चाचणीत नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त झाला. २००९ मध्ये जर्मनीत मिशाएल रिस्तो यांनी तरुणांना व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत क आणि ई दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांना इन्सुलिनबाबत होणारा व्यायामाचा फायदाच मिळाला नाही. व्यायामात तयार होणारी थोडी मूलकं शरीराला ‘ऊठ, तयारी कर’ असा निरोप देतात. गोळीने निरोप्यालाच दारात अडवलं. माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द दिसला की खिसा घट्ट धरावा. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर कोणत्या पदार्थात किती ‘ऑक्सिडीकरणरोधक शक्ती’ याचा आपला तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढूनच टाकला, कारण जाहिरातवाले त्याचा गैरवापर करत होते.

आणि हार्मन यांचा सिद्धांत? २००३ मध्ये अमेरिकेत मूलकांपासून वाचवणारं एक विकर अर्धंच ठेवलेले उंदीर पाळले. त्यांच्या डीएनएची हानी वाढली, कर्करोग वाढले, पण आयुष्य मात्र बाकीच्या उंदरांइतकंच. पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट हा बिनकेसांचा, दातपुढ्या प्राणी तर तरुणपणीच खवटलेल्या स्निग्ध पदार्थांनी भरलेला असतो आणि तरी तिशी ओलांडतो. त्याच आकाराचा उंदीर तीन-चार वर्षांत आटोपतो. कबुतराचं वजन साधारण प्रयोगशाळेतल्या, घुशीच्या भावकीतल्या उंदराइतकंच, पण ते पस्तीस वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. त्याच्या पेशींच्या आवरणात सहज खवटणारी स्निग्धाम्लं कमी असतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

तणनाशकाची बाटली

बांधावर गवत जाळायला वापरलं जाणारं पॅराक्वाट हे मूलकांचा चालता कारखाना आहे. पानात शिरलं की इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देतं, पुन्हा उचलतं, पुन्हा देतं. पानाचं आवरण दुपारपर्यंत करपतं. माणसाच्या फुप्फुसातही तेच. याला उतारा नाही, आणि विचित्र म्हणजे अशा रुग्णाला सढळ हाताने ऑक्सिजन दिला तर आगीत तेल पडतं. म्हणून ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नये. मूळ डब्यात, कुलपात, पोरांपासून लांब.

शेवटी थोडं शेव-वेफर्स

तेल कितीदा तापवायचं याला नियम आहे. १ जुलै २०१८ पासून भारतात तळणाच्या तेलात ‘ध्रुवीय संयुगं’ २५ टक्क्यांहून जास्त झाली की ते वापरता येत नाही. मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं. शेवभाजीच्या शेवेचं तेल काळं, दाट, फेसाळ झालं आणि कढईतून धूर लवकर येऊ लागला की यंत्राशिवायही कळतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी ‘रुको’ नावाची योजना काढली. असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायचं.

घरातल्या तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ‘आयएनएस ३१९’ दिसलं तर ते टीबीएचक्यू, कारखान्यात घातलेला खवटपणारोधक. कायद्याने किलोमागे जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम.

आणि केळी वेफर्सच्या फुगलेल्या पाकिटाबद्दल ‘निम्मी हवाच विकतात’ अशी तक्रार प्रत्येक एसटी स्टँडवर ऐकू येते. चांगल्या पाकिटात हवा नसते, नायट्रोजन असतो. साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे. कंपनीने फक्त उरलेल्यातला २१ टक्के ऑक्सिजन बाहेर ठेवण्याचे पैसे घेतलेत. पाकीट फोडलंत की तो परत आत येतो, तेव्हा अर्धं खाऊन रबर लावून ठेवण्यापेक्षा शेजारच्या सीटवरच्याला द्या.